रविवार शुक्रवारी येतो तेव्हा

परदेशात 'सेटल' झालो असं माणसं कधी म्हणतात? व्हिसा लागला, नोकरी पक्की झाली, भाड्याचं घर मिळालं, मुलांना शाळेत प्रवेश मिळाला, की कागदोपत्री माणूस स्थायिक होतो. पण घर खरोखर बसलं की नाही हे कळायला एखादा सण यावा लागतो. पहिला नाताळ, पहिला गणपती, पहिली दिवाळी. त्या दिवशी सुट्टी आहे का? सामान कुठं मिळतं? कुणाला बोलवायचं? आणि प्रार्थना किंवा आरती कुठल्या भाषेत म्हणायची? हे चार प्रश्न एकदम दारात येऊन उभे राहतात.

या लेखात याच चार प्रश्नांचा विचार करायचा आहे. उदाहरणं तीन ठिकाणची घेतली आहेत: आखाती देश, मॉरिशस आणि इस्राएल. तिन्हीकडे मराठी माणसं गेली, पण वेगवेगळ्या काळात आणि वेगवेगळ्या कारणांनी. पहिलं उदाहरण माझ्या घरातलंच आहे, म्हणून आधी घराबद्दल थोडं सांगते.

मी बुऱ्हाणपूरची. म्हणजे तशी मीही महाराष्ट्राबाहेरचीच. एके काळी हे शहर खानदेशच्या फारुकी सुलतानांची राजधानी होतं. आज भुसावळकडे जाणारी गाडी पकडली की थोड्याच वेळात महाराष्ट्र लागतो, पण पाट्या, शाळा आणि कचेरीचे कागद हिंदीत. आमचं कुटुंब मूळचं नगर जिल्ह्यातलं. माझ्या आईचे वडील साठच्या दशकात नेपानगरच्या कागद कारखान्यात नोकरीला आले. वर्तमानपत्राचा कागद बनवणारा हा देशातला पहिला कारखाना. आजोबांनी नगरहून येताना दोन गोष्टी आणल्या: घरातली मराठी, आणि सप्टेंबरमध्ये जमेल तेव्हा हरेगावच्या मतमाउलीच्या यात्रेला जायचा नेम. आमच्याकडे मिस्सा हिंदीत असते, घरातली संध्याकाळची रोझरी मराठीत. त्यामुळे 'दोन भाषांत एक सण' हे मला लहानपणापासून माहीत आहे. पण माझी मावशी नर्स म्हणून कुवेतला गेली, पाठोपाठ काका गेले, तिथंच मुलं झाली, आणि हे गणित आणखी अवघड झालं.

वार बदलतो

कुवेतमध्ये साप्ताहिक सुट्टी शुक्रवार-शनिवारी असते. रविवारी शाळा आणि ऑफिसं सुरू. आता कॅथलिक माणसाला रविवारची मिस्सा चुकवता येत नाही. मग करायचं काय? आखाती देशांतल्या चर्चनी यावर साधा तोडगा काढला आहे: रविवारची उपासना शुक्रवारी आणि शनिवारीही होते. वाचनं रविवारची, प्रवचन रविवारचं, वार शुक्रवार. मावशीच्या मुलांच्या लेखी 'देवळात जायचा दिवस' शुक्रवारच आहे. रविवार म्हणजे दप्तर भरायचा दिवस. संयुक्त अरब अमिरातीने जानेवारी २०२२ पासून शनिवार-रविवार सुट्टी सुरू केली, तेव्हा तिथल्या कुटुंबांना रविवार पुन्हा रविवारी मिळाला. कुवेतमध्ये तो अजून शुक्रवारीच येतो.

२५ डिसेंबरलाही तिथं सुट्टी नसते. मावशीची ड्यूटी असेल तर नाताळचं जेवण दुसऱ्या दिवशी, किंवा येत्या शुक्रवारी. आपल्याला हे विचित्र वाटेल, पण परदेशातल्या जवळपास प्रत्येक मराठी घराला हे करावंच लागतं. लंडनचं महाराष्ट्र मंडळ १९३२ सालचं. उत्तर अमेरिकेतल्या मंडळांना जोडणारं बृहन्महाराष्ट्र मंडळ १९८१ सालचं. अशा मंडळांचे गणपती-दिवाळीचे मोठे कार्यक्रम बहुतेक वेळा शनिवार-रविवार बघूनच ठरतात, मग पंचांग काहीही म्हणो. तिथी आपली, सोय तिथली.

माझ्या मते स्थायिक होण्याची पहिली पायरी हीच. नवं आलेलं कुटुंब सुरुवातीला मूळ वार धरून बसतं, रजा टाकतं, चिडचिड करतं. दोन-तीन वर्षांनी ते ठरवतं की आपला सण शुक्रवारी. ज्या दिवशी हे ठरतं, त्या दिवशी घराने त्या देशाशी पहिली तडजोड केलेली असते.

स्वयंपाकघर आणि पाहुणे

सामानाचा प्रश्न आता पूर्वीसारखा राहिलेला नाही. रवा, खोबरं, खसखस, गूळ हे सगळं कुवेतच्या भारतीय दुकानांत मिळतं. आपल्याकडच्या मराठी ख्रिस्ती घरांत नाताळला केकबरोबर करंज्या, शंकरपाळ्या, चकल्या असतात. त्या तिथंही होतात. जे मिळत नाही ते वेगळंच असतं. कुवेतमध्ये दारूबंदी आहे, म्हणून केकचा सुका मेवा मावशी संत्र्याच्या रसात भिजवते. आणि बुऱ्हाणपूरचा दराबा तिथं कुठल्याच दुकानात नाही. रवा, तूप, साखर घोटून घोटून हलका होणारा तो गोड पदार्थ ती घरी करते. पहिल्या वर्षी तिचा हात भरून आला आणि दराबा काही जमला नाही. आता तिच्या हॉस्पिटलमधल्या फिलिपिनो मैत्रिणी डिसेंबर लागला की त्याची चौकशी करतात.

पाहुण्यांचा प्रश्न इथंच सुटतो. बुऱ्हाणपूरला नाताळच्या फराळाची ताटं गल्लीत जातात: शेजारच्या बोहरा कुटुंबाकडे, समोरच्या पाटलांकडे. कुवेतमध्ये ताट जातं ते शिफ्टमधल्या मैत्रिणींकडे आणि इमारतीतल्या मल्याळी, गोवेकर घरांकडे. नातं रक्ताचं किंवा गल्लीचं राहत नाही, ते कामाचं आणि चर्चचं होतं.

आखातातली चर्च हा स्वतंत्र लेखाचा विषय आहे. बहरीनमधलं सेक्रेड हार्ट चर्च १९३९ सालचं, तिथल्या शासकाने दिलेल्या जमिनीवर उभं राहिलेलं. कतारमध्ये पहिलं कॅथलिक चर्च उघडायला २००८ साल उजाडलं. सौदी अरेबियात आजही चर्च नाही. जिथं आहेत तिथं एकाच आवारात दिवसभर वेगवेगळ्या भाषांत मिस्सा चालते: इंग्रजी, अरबी, मलयाळम, कोंकणी, तमिळ, टागालोग. ज्यांची संख्या मोठी, त्यांच्या भाषेला वेळ मिळते. मावशी इंग्रजी मिस्सेला जाते, कधीकधी कोंकणी. ती म्हणते, कोंकणी अर्धी कळते, पण कानाला घरचं वाटतं. मराठी राहते ती घरात, आणि घरातही एका ठरावीक वेळेपुरती.

उत्तरापुरती मराठी

ती वेळ म्हणजे शुक्रवारची रोझरी. आमच्याकडे रात्रीचे साडेआठ वाजले की तिथं सहा वाजलेले असतात. आजी आमच्याकडेच राहते. ती व्हिडिओ कॉलवर रोझरी चालवते आणि मावशीची दोन्ही मुलं तिकडून साथ देतात. ज्यांना माहीत नसेल त्यांच्यासाठी: रोझरीतली प्रार्थना दोन भागांत म्हणतात. चालवणारा पहिला भाग म्हणतो, बाकीचे दुसरा. मुलांना दुसरा भाग तोंडपाठ आहे. उच्चार स्वच्छ, वेग आजीपेक्षा जास्त.

एकदा रोझरी संपल्यावर माझ्या आठ वर्षांच्या मावसबहिणीने मला इंग्रजीत विचारलं, "विनंती म्हणजे काय?" हा शब्द ती एका रोझरीत पन्नासहून जास्त वेळा म्हणते.

मला हसू आलं, पण नंतर बरेच दिवस हा प्रश्न डोक्यात राहिला. तिच्याकडे मराठी आहे का? आहे. शंभर टक्के शुद्ध उच्चारांची आहे. पण ती उत्तरापुरती आहे. कुणीतरी पहिला भाग म्हटला की तिच्या तोंडून दुसरा येतो. स्वतःहून एक वाक्य मराठीत सुरू करायचं म्हटलं तर तिला जमत नाही. आजीला फोनवर ती "आजी, कशी आहेस?" विचारते, कारण तेही पाठ आहे. आजी उत्तर देते, गुडघा दुखतोय म्हणते, आणि पुढे शांतता. मग आई किंवा मी मध्ये पडून दुभाष्याचं काम करतो.

सण भाषा जपतो असं आपण नेहमी ऐकतो, मंडळांच्या भाषणांत तर हमखास. ते खरंच आहे, पण अर्धंच. सण भाषा जपतो ती पाठांतरापुरती. हे आमच्याच घरात घडतं की सगळीकडे, हे बघायचं म्हणून मी आणखी दोन ठिकाणांबद्दल वाचलं.

मॉरिशस: गणपती राहिला, घरची बोली बदलली

मॉरिशस हे हिंदी महासागरातलं छोटं बेट. १८३४ पासून उसाच्या मळ्यांवर काम करायला भारतातून करारावर मजूर नेले जाऊ लागले. बहुतेक बिहार आणि आसपासचे, पण त्यांत तमिळ होते, तेलुगू होते, आणि मुंबई बंदरातून गेलेले कोकण-रत्नागिरीकडचे मराठीही होते. पोर्ट लुईसच्या ज्या घाटावर त्यांना उतरवलं, तो 'आप्रवासी घाट' २००६ पासून युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आहे. पहिल्या आलेल्या पूर्वजाचं नावच अनेक घरांत पुढे आडनाव झालं. म्हणून 'जी'ने संपणारी मराठी आडनावं तिथं आजही भेटतात.

या लोकांकडे महाराष्ट्र मंडळ नव्हतं, फोन नव्हता, वर्षातून एकदा घरी यायची सोय नव्हती. बहुतेक जण परत आलेच नाहीत. तरी गणपती टिकला. तिथला पहिला गणेशोत्सव १८९६ साली कास्कावेल गावात झाला असं सांगतात. टिळकांनी सार्वजनिक गणेशोत्सवाला चालना दिली १८९३ च्या सुमाराला, म्हणजे फार अंतर नाही. आज गणेश चतुर्थीला मॉरिशसमध्ये सार्वजनिक सुट्टी असते. आपल्या पहिल्या प्रश्नाचं, म्हणजे सुट्टीचं, इतकं पक्कं उत्तर परदेशात क्वचितच कुठल्या मराठी समाजाला मिळालं असेल.

आणि भाषा? मळ्यांवर सगळ्यांना एकमेकांशी बोलायला क्रिओल लागली, आणि पिढ्या गेल्या तशी ती घरातही आली. आरती मात्र मराठीतच. म्हणजे माझ्या मावसबहिणीचीच गोष्ट, फक्त जवळजवळ दोनशे वर्षांच्या मापाची.

पण इथं एक फरक आहे. मॉरिशसच्या मराठी लोकांनी भाषेची जबाबदारी एकट्या सणावर टाकली नाही. तिथल्या शाळांत मराठी हा विषय घेता येतो. मोका इथल्या महात्मा गांधी संस्थेत मराठी शिकवली जाते. जागतिक मराठी परिषद १९९१ साली मॉरिशसमध्ये भरली होती. म्हणजे घरातून निघून गेलेली भाषा त्यांनी शाळेच्या दाराने परत आत घेतली. ती आजीच्या भाषेसारखी असेलच असं नाही, पण तिच्यात प्रश्न विचारता येतो. आरतीत तो विचारता येत नाही.

इस्राएल: सणांची मराठी नावं

तिसरं उदाहरण मला सगळ्यांत जास्त आवडलं, कारण त्यात प्रवास दोनदा झाला आहे.

बेने इस्राएल हा कोकणातला ज्यू समाज. त्यांचे पूर्वज जहाज फुटून अलिबागजवळ नवगावच्या किनाऱ्याला लागले अशी त्यांची परंपरा सांगते. कोकणात ते तेल गाळायचं काम करत आणि शब्बाथ म्हणून शनिवारी घाणा बंद ठेवत. म्हणून लोक त्यांना 'शनवार तेली' म्हणत. आडनावं गावांवरून आली, 'कर' लावलेली. आणि सणांची नावं? ती त्यांनी चक्क मराठीत ठेवली. नवं वर्ष म्हणजे 'नव्याचा सण'. खीर करतात तो 'खिरीचा सण'. पुरीम हा सण होळीच्या आसपास येतो, म्हणून तो 'होळीचा सण'. जेरुसलेमचं मंदिर पडलं त्या शोकाच्या दिवशी वालाचं बिरडं खायचं, म्हणून तो 'बिरड्याचा सण'.

जरा थांबून बघा. हिब्रू पंचांगातले दिवस, पण नावं कोकणातल्या स्वयंपाकघरातून आलेली. परक्या मुलखात स्थायिक होणं म्हणजे काय, हे यापेक्षा नीट मला तरी सांगता येणार नाही.

पुढे १९४८ साली इस्राएल राष्ट्र झालं आणि पन्नास-साठच्या दशकांत हा समाज मोठ्या संख्येने तिकडे गेला. दिमोना, अश्दोद, लोद, रामला, बीरशेबा अशा शहरांत वसला. धर्माने ते 'घरी' गेले होते. पण तिथल्या धर्मपीठाने त्यांच्या लग्नांच्या बाबतीत वंशाची चौकशी करायचा आदेश काढला. म्हणजे तुम्ही पुरेसे ज्यू आहात का, असा प्रश्न. समाजाने आंदोलन केलं, धरणं धरली, आणि १९६४ साली इस्राएलच्या संसदेने ते सर्व बाबतींत पूर्ण ज्यू असल्याचं जाहीर केलं.

आता सणांकडे या. इस्राएलमध्ये ज्यू सण सगळ्यांचेच. त्यांना सुट्टी आहे, हिब्रू नावं आहेत, शेजारीही तेच सण करतात. मग बेने इस्राएल म्हणून वेगळं काय उरलं? उरला तो मलिदा. गोड केलेले पोहे, त्यात खोबरं, बरोबर फळं, आणि संदेष्टा एलियाहू याची आठवण. लग्न, नवस फेडणं, असं शुभकार्य असलं की मलिदा होतोच. हा एलियाहू म्हणजे आपल्या बायबलच्या जुन्या करारातला एलिया. कोकणात त्यांना वेगळं ठेवत होता तो शब्बाथ, आणि इस्राएलमध्ये त्यांना वेगळं ठेवतात ते कोकणातले पोहे.

भाषेचं काय झालं? मुलं-नातवंडं हिब्रूत बोलतात, मराठी मोठ्यांकडे राहिली. पण इथंही काही लोकांनी फक्त मलिद्यावर भरवसा ठेवला नाही. १९८० च्या दशकात तिथं 'मायबोली' नावाचं मराठी नियतकालिक सुरू झालं. नियतकालिक म्हणजे पाठांतर नाही. कुणालातरी दर अंकासाठी नवं वाक्य लिहावं लागतं, आणि दुसऱ्या कुणाला ते वाचावं लागतं.

मग करायचं काय?

तिन्ही उदाहरणं शेजारी ठेवली की एक क्रम दिसतो. आधी वार बदलतो, मग पदार्थ, मग पाहुणे. या तिन्ही बदलांनी सण मरत नाही, उलट तगतो. भाषा सणात सगळ्यांत शेवटपर्यंत टिकलेली दिसते, पण ती उत्तरापुरती उरलेली असते, आणि टिकल्यासारखी दिसते म्हणून तिची काळजी कुणी करत नाही. पाठ असलेली प्रार्थना ऐकून घरच्यांना वाटतं, मुलांना मराठी येतं. जिथं भाषा उत्तराच्या पुढे गेली, तिथं कुणीतरी वेगळं काम अंगावर घेतलं: शाळेतला तास, नियतकालिक, अमेरिकेत सुट्टीच्या दिवशी भरणाऱ्या मराठी शाळा.

आखाताची अडचण इतरांहून वेगळी आहे. मॉरिशस आणि इस्राएलमध्ये गेलेले लोक तिथले नागरिक झाले. कुवेतमध्ये मावशीने पंधरा वर्षं काढली काय आणि तीस काढली काय, नोकरी संपली की परत यायचं. म्हणून तिथं 'कशाला शिकवायचं, परत गेल्यावर शिकतील' असं सहज म्हटलं जातं. पण मुलं परत येतात तेव्हा मोठी झालेली असतात, किंवा येतच नाहीत, तिसऱ्या देशात जातात. आजी तोवर थांबेल का, हा प्रश्न घरात कुणी मोठ्याने विचारत नाही.

आमच्याकडे एक छोटा बदल केला आहे. रोझरीत पाच रहस्यं असतात. गेल्या उपवासकाळापासून त्यांतलं एक मुलांनी चालवायचं, म्हणजे पहिला भाग त्यांनी म्हणायचा, आणि सुरुवातीला ही प्रार्थना कशासाठी, ते स्वतःच्या मराठीत एका वाक्यात सांगायचं. पाठ केलेलं वाक्य चालणार नाही, अशी आजीची अट. पहिल्या शुक्रवारी मावसबहीण बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "आजीचा गुडघासाठी." व्याकरण चुकलं, कुणी दुरुस्त केलं नाही. तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात तिचा भाऊ म्हणाला, "गणिताच्या टीचरला अजून दोन दिवस ताप राहू दे." आजीने ही विनंती पुढे पाठवायला साफ नकार दिला. पण वाक्य त्याचं स्वतःचं होतं, आणि कर्ता-कर्म-क्रियापद सगळं जागेवर होतं.

हे सगळं परदेशापुरतं आहे असं मला वाटत नाही. बुऱ्हाणपुरात माझ्या वयाची कितीतरी मराठी मुलं आहेत जी गणपतीत आरती म्हणतात, नाताळात मराठी गीतं गातात, आणि एकमेकांशी मात्र हिंदीत बोलतात. आपल्या कॉलेजातही मराठी घरांतली अनेक मुलं कँटीनमध्ये इंग्रजी-हिंदीत बोलताना दिसतात. त्यात लाज वाटण्यासारखं काही नाही, मीही दोन-तीन भाषांत जगते. पण आपली मराठी उत्तरापुरती राहिली आहे का, हे तपासायला कुवेतला जायची गरज नाही. येत्या सणाला घरातल्या सगळ्यांत म्हाताऱ्या माणसाला मराठीत असा एक प्रश्न विचारा, ज्याचं उत्तर तुम्हाला आधी माहीत नाही. मग किती वेळ बोलणं चालतं ते बघा.